चांदीचा हात

"बोट लावू नकोस!" मुलामेबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की दाढीवाल्याने दचकून हात मागे घेतला.

हात त्याने बिस्किटांच्या बशीकडे नेला होता. तलवारीकडे नव्हे. तलवार मुळात तिथे नव्हतीच. टेबलावर चौकोन आखलेला एक मोठा कागद होता, त्यावर माणसं म्हणून ठेवलेली शर्टाची तीन बटणं होती आणि राक्षस म्हणून ठेवलेलं बाटलीचं एक बूच. दाढीवाला फक्त एवढंच म्हणाला होता, "मी आत जाऊन माझी तलवार उचलून बघतो, झाली का तयार."

"अहो काकू, तोंडानंच उचलली ना मी," तो म्हणाला.

"तोंडानं उचललीस तरी बोटाचं तेल लागतंच. आत्ता कुठे धुऊन, राखेनं घासून ठेवलीय. जिथे बोट लागेल तिथे मुलामा धरायचा नाही. उद्या पापुद्रा सुटला की म्हणशील, लोहारीण कच्ची होती."

टेबलाच्या टोकाला बसलेली सून हसू दाबत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली, "लोहारणीनं तुला दारातूनच हाकललं. तू अंगणात उभा."

दाढीवाल्याने मुकाट्याने आपलं बटण अंगणात सरकवलं.

हा खेळ सुनेचा. म्हणजे लग्नाआधीपासूनचा. दर रविवारी दुपारी तिच्याकडे दोन-तीन माणसं जमत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैदू, आणि सून गोष्ट सांगेल त्या जगात त्या पात्राने वागायचं. काय जमलं, काय फसलं, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं; घाव बसला, तर त्याचे गुण दुसऱ्या फाशावर. मुलामेबाईंना सुरुवातीला हे प्रकरण अजिबात पटलं नव्हतं. "एवढाली घोडी झालीत, नोकऱ्या करतात, आणि रविवार आला की भुतंखेतं मारत बसतात," असं त्या मुलाला म्हणायच्या. मुलगा बस चालवायचा. रविवारीही त्याची पाळी असे. तो म्हणायचा, "भुतंच मारतात ना आई, माणसं तर नाही ना?"

मग दुकान बंद झालं.

मुलामेबाईंचं खरं नाव गल्लीत फार कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यामागे मुलाम्याचं दुकान त्यांनी एकटीने चालवलं, तेव्हापासून त्या मुलामेबाई. काटेचमचे, दारांच्या मुठी, वाद्यांच्या कळा, बक्षिसांचे पेले, जे येईल त्यावर तांबं, निकेल, चांदी चढवायची. मुलाम्याच्या हौदातल्या रसायनांच्या वाफांनी छाती भरत आली. डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, आता हौदाजवळ उभंसुद्धा राहायचं नाही." हौद दुसऱ्या मुलामेवाल्याने नेले. ते टेम्पोत चढवताना बाई फाटकात उभ्या राहिल्या, "तिरपा करू नका, तिरपा करू नका," म्हणत. त्यानंतर त्या घरात नुसत्या बसून असायच्या. जेवण झालं की बसायच्या, चहा झाला की बसायच्या. हात मांडीवर उताणे टाकून, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

एका रविवारी सून म्हणाली, "आई, आमचा एक जण बदली होऊन गेला. एक जागा रिकामी आहे."

"मला काय येतंय त्यातलं?"

"जे येतं तेच करा."

अशा त्या लोहारीण झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, "त्या गावात वीज आहे का?"

"नाही आई. जुना काळ आहे."

"मग पाऱ्यावरचा मुलामा. माझे सासरे करायचे." आणि त्या दिवसापासून घरात त्यांची बडबड पुन्हा सुरू झाली. एकदा मुलगा सुनेला हळूच म्हणालेला त्यांनी ऐकलं होतं, "आईला काहीतरी सापडलंय गं. सांभाळ हां."

आज दाढीवाला अंगणात उभा असतानाच दारावर थाप पडली. दीर आले होते. चांदीच्या दुकानाचे मालक. दुकानात सगळं भरीव, काट्यावर तोलून विकलेलं, आणि त्याचा त्यांना फार तोरा. घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत त्यांचा एक ठरलेला विनोद असायचा: "आमच्या वहिनींचं काय, वरून चांदी, आतून पितळ!" सगळे हसायचे. मुलामेबाईही हसायच्या. इतकी वर्षं हसून हसून त्या हसण्यालाही एक मुलामाच चढला होता.

"काय वहिनी, तब्येत कशी आहे?" म्हणत दीर खुर्ची ओढून बसले आणि कागदाकडे बघून म्हणाले, "हे काय, ल्यूडो?"

"लांडगा मारतोय आम्ही, भावजी," मुलामेबाई म्हणाल्या.

"बुचाचा?"

दुसरी खेळाडू नर्स होती. आदल्या रात्रीची पाळी करून आली होती, डोळे लाल, पण रविवार चुकवायची नाही. ती म्हणाली, "नरलांडगा आहे, काका. दिवसा माणूस, पौर्णिमेला लांडगा. सात जणांना खाल्लंय त्यानं."

"मग मारा की. तलवारी आहेत ना?"

"तिथेच तर गोम आहे," सून म्हणाली. समजावून सांगताना तिचा आवाज नेहमी थोडा खाली यायचा, तसा आला. "या जगात प्रत्येक राक्षसाची कातडी वेगळी, काका. साधी लोखंडी तलवार या लांडग्याला लागते, पण त्या घावातले पाच गुण कातडी गिळून टाकते. आठ गुणांचा घाव बसला, तर त्याला कळतात तीन. पाचाचा बसला, तर काहीच नाही. खरचटतसुद्धा नाही. पण चांदी असेल तर कातडीचं काही चालत नाही. जेवढा घाव, तेवढा आत."

"आणि सगळ्याच राक्षसांना चांदी लागते?"

"नाही. रानातल्या मायावी बायका असतात, त्यांना थंड लोखंड लागतं. भट्टीत न घालता, तसंच ठोकून घडवलेलं. दगडी पहारेकऱ्याला वज्रधातू. ज्याची त्याची खोड, ज्याचं त्याचं औषध."

"थंड लोखंड मला अजून पटलेलं नाही हं," मुलामेबाई मध्येच म्हणाल्या. "न तापवता लोखंड घडतं का कधी?"

"तिथे घडतं, आई."

"घडतं तर घडतं. तुझं गाव, तुझं लोखंड."

दिरांना आता चव आली होती. "मग चांदीच्या तलवारी करा. भरीव."

"भरीव चांदीची तलवार पहिल्याच घावाला वाकेल, भावजी. चमचा आहे का तो?" मुलामेबाईंनी हे अगदी सहज म्हटलं. "आत लोखंडच हवं. वरून चांदीचा हात द्यायचा."

दीर मागे रेलले. मिशीत हसले. "म्हणजे मुलामाच! तुमच्या लांडग्यालाही फसवताय की काय, वहिनी?"

नर्सने कपाकडे बघितलं. मुलामेबाई नेहमीसारखं हसायच्या बेतात होत्या, तेवढ्यात सून म्हणाली, "फसवत नाहीत, काका. चालतो मुलामा. नियमच आहे. लांडग्याला जे लागतं ते बाहेरून लागतं. आत काय आहे हे विचारायला तो थांबत नाही."

ती हे काही टोमणा म्हणून बोलली नव्हती. नियम सांगतात त्याच आवाजात तिने सांगितलं, आणि लगेच पुढे म्हणाली, "मात्र चांदी मऊ. धार थोडी बोथट होते. म्हणून मुलाम्याच्या हत्याराचा प्रत्येक घाव एका गुणानं कमी."

"हे चुकीचं आहे," दाढीवाला कुरकुरला. "एवढी मेहनत करून वर एक वजा?"

"बरोबर आहे," मुलामेबाई म्हणाल्या. "धारेवर काहीही चढवलं की धार जातेच थोडी. एक वजा. घे मुकाट्यानं."

काम सुरू झालं. मुलामेबाईंनी डोळे किंचित मिटले आणि सांगू लागल्या. आधी तलवारी मोरचुदाच्या पाण्यात, म्हणजे लोखंडावर तांब्याचा पातळ हात बसेल, कारण लोखंड चांदीला धरत नाही, तांबं धरतं. मग चांदी पाऱ्यात कालवून लोण्यासारखी करायची, तांब्यावर फासायची, आणि निखाऱ्यावर धरायची. पारा उडून जातो. चांदी राहते. सांगताना त्यांचे हात टेबलावर फिरत होते, उलटसुलट, पात्याच्या दोन्ही अंगांनी.

"पारा उडताना लोहारीण कुठे उभी आहे?" सुनेने विचारलं.

"वाऱ्याच्या बाजूला. आता शहाणपण आलंय."

सून हसली. मग म्हणाली, "गावकऱ्यांनी घरोघरचे चमचे, एक पेला, कोटाची बटणं आणून दिलीत. पण चांदी दोनच हत्यारांना पुरेल. दोन तलवारी आणि तुमचा हातोडा, तिन्हींना नाही."

"पातळ हात दिला तर?" दाढीवाल्याने विचारलं. "तिन्हींना पुरवू."

सुनेने जरा विचार केला. "पातळ चालेल. पण पहिल्या घावाला निघून जाईल. पुढचे घाव साध्या लोखंडाचे."

टेबलावर वाद रंगला. दाढीवाल्याचं म्हणणं, तिघांचा पहिला घाव बसला तरी लांडगा अर्धा होईल. नर्सला ते पटेना. पहिला फासा वाकडा पडला तर काय? शेवटी दोघांनी मुलामेबाईंकडे बघितलं.

"पातळ हात मी आयुष्यात दिला नाही," त्या म्हणाल्या. "दोन तलवारी. जाड. माझा हातोडा राहू दे तसाच."

"काकू, तुम्ही उघड्या पडाल," नर्स म्हणाली.

"मी दार धरते. गावकरी लपलेत त्या गिरणीचं दार अरुंद आहे ना गं? एका वेळी एकच जण आत शिरेल असं?"

"हो," सून म्हणाली. ते 'हो' जरा सावकाश आलं.

"मग लांडग्याला मी दारात अडवते. तुम्ही दोघं मागच्या बाजूनं वळसा घालून या. तेवढा वेळ निघाला म्हणजे झालं."

दिरांनी मोबाइल काढला होता तो खिशात ठेवला.

पौर्णिमा उगवली. सुनेने ती उगवली हे एका वाक्यात सांगितलं आणि बूच गिरणीच्या दारासमोर आणून ठेवलं. मुलामेबाईंचं बटण दारात एकटं. बाकीची दोन बटणं लांब, गिरणीच्या मागच्या बाजूला, कुंपणाला वळसा घालत येणारी.

बाईंनी फासा टाकला. हातोडा लागला. सात गुणांचा.

"कातडीनं पाच गिळले," सून म्हणाली. "दोन लागले."

"दोन तर दोन."

लांडग्याने पंजा मारला, तो लागला. बाईंनी पुन्हा टाकला, चाराचा. काहीच नाही. "हातोडा त्याच्या खांद्यावर आपटला आणि त्यानं तुमच्याकडे असं बघितलं, जसं कुणी अंगावरची माशी बघतं," सून म्हणाली. दाढीवाला आणि नर्स आपली बटणं चौकोनाचौकोनाने सरकवत होते आणि दर चौकोनाला चडफडत होते. बाईंचा पुढचा फासा आठाचा पडला. त्यांनी टेबलावर थाप मारली. "तीन! तीन लागले की नाही?"

"लागले! गुरगुरला. पहिल्यांदाच मागे सरला एक पाऊल."

"सरणारच! गिरणी काय त्याच्या बापाची आहे?"

दीर मोठ्याने हसले, आणि मग हसल्याचं त्यांनाच नवल वाटलं.

पण लोहारणीच्या अंगात आता फार काही उरलं नव्हतं. आणखी एक चावा बसला की ती मेली, आणि मेलेलं पात्र या खेळात परत येत नाही, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीची बटणं दारापासून एका चालीवर होती. सुनेने राक्षसाचा फासा उचलला. राक्षसाचे फासे ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायची. काय पडलं ते तिलाच दिसायचं आणि ती सांगेल ते सगळ्यांनी मानायचं. मुलामेबाईंची खुर्ची तिच्या कोपराला लागून होती, म्हणून फासा पडायच्या वेळी त्या नेहमी मान फिरवून खिडकीकडे बघायच्या. दुसऱ्याच्या ताटात बघू नये, तसं.

या वेळी फासा घरंगळला, पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बाईंनी मान फिरवायच्या आत आकडा डोळ्यांत शिरला.

अठरा. चावा लागायला तेरा पडले तरी पुरले असते.

सुनेलाही कळलं, की सासूने बघितलं. तिने फाशावर नजर ठेवली. पलीकडच्या दोघांना काहीच दिसत नव्हतं. ती 'नऊ' म्हणाली असती तरी कुणाला शंका आली नसती. दाढीवाला तर आनंदाने उडालाच असता. मुलामेबाईंच्या डोळ्यांसमोर उद्याचा सोमवार आला, परवाचा मंगळवार, मांडीवर उताणे पडलेले हात. ही लोहारीण गेली की पुन्हा तेच. आपली जीभ आपल्याच दातांखाली आहे हे त्यांना जाणवलं. अठरा म्हणू नकोस गं, असं पोटातून वर येत होतं. आणि त्याच वेळी, त्याच पोटातून, दुसरंही काही वर येत होतं. दुकानात नणंदेचे पेले आले, तरी ते परक्यांच्या काटेचमच्यांबरोबर त्याच हौदात, तेवढाच वेळ उतरायचे. नणंद रुसली होती एकदा. रुसू दे म्हटलं होतं.

त्या काही बोलल्या नाहीत. डोळ्यांनीसुद्धा नाही. बोलायची जागा त्यांची नव्हती.

सुनेने मान वर केली.

"अठरा," ती म्हणाली. "लागला. लोहारीण पडली."

"अरे!" दाढीवाला उभाच राहिला. "अगं, असं काय? एक चाल, एकच चाल राहिली होती!"

"अठरा पडले," सून म्हणाली.

"जरा बघ ना पुन्हा..."

"पडले ते पडले रे," मुलामेबाई म्हणाल्या. त्यांच्या छातीत काहीतरी एवढं मोठं भरून आलं होतं, की डॉक्टरांच्या फोटोत ते मावलं नसतं. ही पोरगी आपल्या घरात आली त्याला चार वर्षं झाली. तिला भाकरी थापता येते का, पाहुण्यांपुढे कशी वागते, हे सगळं बघून झालं होतं, आणि बरी आहे, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. बरी! त्यांना स्वतःचीच कीव आली. "तू बस खाली. तुझी चाल आहे. तलवार काढ."

दाढीवाला बसला. त्याचं बटण दारात पोचलं. त्याने फासा मुठीत धरून त्यावर फुंकर घातली आणि टाकला. लागला. घावाचा फासा टाकला. सहा.

"एक वजा," तो स्वतःच म्हणाला. "पाच."

"पाचच्या पाच," सून म्हणाली. "पातं बरगडीत गेलं आणि लांडगा आधी ओरडलासुद्धा नाही. त्यानं खाली वाकून जखमेकडे बघितलं. स्वतःचं रक्त त्यानं कधी बघितलेलंच नव्हतं."

नर्सची तलवार दुसऱ्या बाजूने आली. एक वजा जाऊन सात पूर्ण. मग पुन्हा दाढीवाला, पुन्हा नर्स. लांडगा दारातून मागे हटू लागला, अंगणात आला, गुडघ्यांवर आला. शेवटचा घाव नर्सचा. तिने फासा पडल्यावर आकडा सांगितला नाही, नुसतं बोट ठेवलं. सुनेने बूच आडवं केलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एरवी वाजवत.

दिरांनी घसा साफ केला. "काय गं," ते सुनेला म्हणाले, आणि जरा थांबले. "त्या तलवारी. शेवटी बघितल्या का कुणी? म्हणजे... टिकला का मुलामा?"

सुनेने आठवल्यासारखं केलं. खरं तर ती ठरवत होती. निकाल देताना ती नेहमी असं एक क्षण थांबायची, आणि तो क्षण सगळे तिला देत.

"सकाळी गावकऱ्यांनी तलवारी धुतल्या," ती म्हणाली. "हाडाला घासून ओरखडे पडले होते. पण चांदी कुठेही सुटली नव्हती. नखाएवढीसुद्धा नाही."

दिरांनी मान हलवली. एकदाच, हळू. गिऱ्हाइकाने आणलेला दागिना काट्यावर खरा उतरला की हलवतात तशी.

"मी चहा टाकते," मुलामेबाई म्हणाल्या आणि टेबलाला हात टेकून उठल्या.

त्या उठल्या तशी नर्स उठली. तिला काही आणायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. ती नुसती उठून उभी राहिली. मग दाढीवाला उठला. सूनही उठली, हातातला पुठ्ठा तसाच धरून. दिरांचे गुडघे धरतात, त्यांना वेळ लागला; पण खुर्चीच्या पाठीला धरून तेही उभे राहिले.

"बसा की," बाई म्हणाल्या. "काय झालं?"

मुलामेबाई त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाकघरात गेल्या. भांडं घेतलं, पाणी घातलं, काडी ओढली. बाहेरून खुर्च्या सरकल्याचा आवाज अजून आला नव्हता. त्यांनी गॅस बारीक केला.

चहाला काही घाई नव्हती.